पोझ जुळते, बांधा निसटतो

एकट्या छायाचित्रावरून माणसाची उंची आणि त्याचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर वेगळे काढता येत नाही. जवळचे मूल आणि लांबचा प्रौढ चित्रात सारखीच जागा व्यापू शकतात. म्हणून त्रिमितीय शरीर काढणारी प्रत्येक पद्धत चित्राबाहेरची माहिती उसनी घेते.

ही उसनवारी बहुधा २०१५ च्या एसएमपीएल या शरीर-प्रारूपाकडून होते. त्यात ६८९० बिंदूंची जाळी असते. २४ सांध्यांच्या पोझसाठी ७२ आकडे आणि बांध्यासाठी सहसा अवघे १०. बांध्याचे आकडे सीझर संग्रहातील उत्तर अमेरिकी व युरोपीय प्रौढांच्या स्कॅनवरून शिकलेले आहेत. भारतीय शरीरांवर, त्यातही मुलांवर, ते निर्धास्तपणे लावणे घाईचे ठरते.

२०१६ ची एसएमपीएलिफाय पद्धत चित्रात सापडलेल्या सांध्यांवर हे प्रारूप बसवते. सांध्यांवरून हातापायांच्या लांबीचा अंदाज येतो, कंबरेच्या घेराचा जवळपास नाही. २०१८ च्या एचएमआर या न्यूरल नेटवर्कने थेट पिक्सेलवरून सगळे आकडे काढायला सुरुवात केली, वेगही वाढला. पण प्रशिक्षणाचा मुख्य आधार सांधेच राहिले, आणि अशी नेटवर्क बांध्याबाबत सरासरीकडे झुकतात. शिवाय माणसाभोवतीची चौकट कापून घेतली की तो मूळ चित्रात कुठे होता हेच हरवते. त्यामुळे शरीराची दिशा चुकते. २०२२ च्या क्लिफ पद्धतीने चौकटीचे स्थानही नेटवर्कला पुरवले. साधा उपाय, पण उशिरा सुचलेला.

खरी गफलत मोजमापात आहे. शोधनिबंधांत मिरवला जाणारा पीए-एमपीजेपीई हा आकडा काढताना प्रोक्रस्टीस जुळवणी आधी आकारमान, दिशा आणि स्थान जुळवून घेते, मग सांध्यांची चूक मोजते. मूल प्रौढाएवढे दाखवले तरी या मापात ते बिनबोभाट खपते. पोझच्या तुलनेसाठी हे माप ठीक. कपड्यांचे माप किंवा मुलांची वाढ पाहणाऱ्यासाठी कुचकामी. तिथे उंची, छाती, कंबर आणि नितंबांचा घेर सेंटिमीटरमध्ये टेपशी ताडून स्वतंत्र नोंदवायला हवा. २०२२ च्या शेपी पद्धतीने प्रशिक्षणात अशी मापे आणि शरीराची शाब्दिक वर्णने वापरली. २०२३ च्या बेडलॅम या चित्रसंग्रहाने कृत्रिम चित्रांत कपड्यांची हालचालही घडवली. तिथे आतले शरीर नेमके ठाऊक असते.

वापरकर्त्याकडून उंची विचारून घेतली की आकारमानाचा प्रश्न बराचसा मिटतो. नऊवारीच्या निऱ्यांआडची कंबर मात्र उंचीवरून कळत नाही. तिथे उत्तरासोबत अनिश्चिततेची मर्यादाही छापावी लागते.