‘मिस्टर इंडिया’तला लाल रंग का फिसकटतो?

‘मिस्टर इंडिया’ची सगळी गंमत एका रंगावर उभी आहे. मनगटावरच्या यंत्रामुळे अनिल कपूर अदृश्य होतो आणि फक्त लाल प्रकाशात दिसतो. आता योगायोग बघा. आपण ज्या साधनांवर हा १९८७चा सिनेमा घरी पाहत आलो, त्यांना सर्वांत कमी झेपणारा रंगही लालच!

ऐंशीच्या दशकात वाड्यांत, सोसायट्यांत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे चालत. त्या व्हीएचएस टेपवर चित्राचा काळा-पांढरा तपशील बऱ्यापैकी उमटे, पण रंगासाठी जागा फारच तुटपुंजी असे. त्यामुळे लाल रंग कडेबाहेर ओघळायचा. मग व्हीसीडी आली. तिचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे आणि रंगाची माहिती त्याच्याही एक चतुर्थांश. शिवाय गडद लाल रंगात उजेड कमी असल्याने तपशिलाचा भार रंगावरच पडतो. म्हणजे नायक जिथे ‘दिसायला’ हवा, नेमका तिथेच चौकोनी ठिपक्यांचा चिखल.

आवाजाचीही कथा फार वेगळी नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, तर आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या टीव्हीवर २५ चित्रे लागत. सोपा उपाय म्हणून सिनेमाच चार टक्के वेगाने पळवला जाई. तीन तासांचा खेळ सात मिनिटे आधी संपे आणि आवाजाची पट्टी वर चढे. अमरीश पुरींचा खर्ज असा पातळ झालेला ऐकून आपण मोठे झालो.

मग आता फोरके आल्यावर प्रश्न मिटला का? माझ्या मते, नाही. ३५ मिमी फिल्मवर बारीक कण असतात. ते म्हणजे घाण नव्हे, चित्र त्यांचेच बनलेले असते. संगणकाने ते पुसले की चेहरे मेणाचे दिसतात. जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ची (१९८६) फोरके आवृत्ती २०२४मध्ये डिस्कवर आली, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी याच कारणासाठी नाके मुरडली. ‘मिस्टर इंडिया’तल्या करामती पीटर परेरा यांनी संगणकाशिवाय, कॅमेऱ्यातच साधलेल्या. त्यांवर असा रंधा फिरवणे म्हणजे कारागिराच्या हाताची खूण पुसणे. मूळ मोनो आवाज ताणून केलेल्या ‘फाइव्ह पॉइंट वन’चेही तेच. फोनच्या दोन चिमुकल्या स्पीकरवर संवाद दबतो आणि पार्श्वसंगीत तेवढे अंगावर येते. ऑडिओच्या पर्यायांत मोनो किंवा स्टीरिओ असेल, तर तो निवडून बघा.

पुणेकरांसाठी हा विषय लॉ कॉलेज रस्त्यावरचा आहे. १९६४पासून इथे असलेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२मध्ये एनएफडीसीत विलीन झाले. त्याच वर्षी केंद्राने सुमारे २,२०० चित्रपटांच्या जतनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. पैसा जनतेचा आहे. तेव्हा जतन झालेल्या प्रत्येक सिनेमासोबत दोन गोष्टी जाहीर व्हायला हव्यात: प्रत मूळ निगेटिव्हवरून केली की झिजलेल्या प्रिंटवरून, आणि मूळ आवाज जसाच्या तसा ठेवला की नाही. खासगी निर्मात्यांवर अशी सक्ती करता येणार नाही, हे मान्य. पण तेलाच्या डब्यावर घटक छापतात, मग सिनेमाखाली दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

तोवर परीक्षा घरीच घ्या. लाल प्रकाशाचा प्रसंग लावा आणि फोनचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा. अनिल कपूरच्या चेहऱ्यावरच्या सावल्या वेगळ्या दिसल्या, तर प्रत बरी आहे. नुसता लाल डाग हलताना दिसला, तर तुम्ही अजून व्हीसीडीच पाहताय.