राजाला जाब कोण विचारणार?

रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहून परतणारा पर्यटक रंगीत काचा, ब्रह्मदेशी सागवान आणि भाट्याच्या खाडीवरचा वारा मनात घेऊन जातो. ब्रह्मदेशातून हद्दपार झालेला राजा थिबा, मानी राणी सुपायालत आणि परमुलखात वाढलेल्या चार राजकन्या ही कहाणी चटका लावणारी आहेच. मात्र ती केवळ करुणकथा म्हणून सांगितली की तिच्यातला मोलाचा भाग निसटतो. थिबाचे राज्य कसे गेले आणि जाण्यापूर्वी त्याचा कारभार कसा चालत होता, हेही या वास्तूत येणाऱ्याला कळायला हवे.

१८७८ मध्ये थिबाचा पिता राजा मिंडॉन वारला, तेव्हा मंडालेच्या दरबारात किनवुन मिंजी हा जाणता मंत्री होता. युरोपात जाऊन त्याने तिथला कारभार पाहिला होता. राजाची सत्ता मंत्रिमंडळाच्या चौकटीत आणावी, असा त्याचा प्रयत्न होता. विशीही न गाठलेला थिबा गादीवर बसला तर हे साधेल, असा त्याचा कयास होता. तो सपशेल चुकला. ब्रह्मदेशात गादीच्या वारसाचा पक्का नियम नव्हता, त्यामुळे राजाचा प्रत्येक भाऊ हा संभाव्य शत्रू ठरत असे. १८७९ च्या फेब्रुवारीत राजघराण्यातल्या सुमारे ऐंशी जणांची कत्तल झाली. सुधारणेची भाषा करणारे मंत्री बाजूला पडले आणि सत्ता अंतःपुराच्या आसपास गोळा झाली.

पुढे १८८५ मध्ये सागवानाच्या व्यवहारावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला मंडालेच्या दरबाराने मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबरात फौजा इरावतीतून वर सरकल्या आणि पंधरवड्यात राजधानी पडली. १ जानेवारी १८८६ रोजी एका जाहीरनाम्याने थिबाचे अख्खे राज्य साम्राज्याला जोडले गेले. ज्या व्हिक्टोरिया राणीच्या नावाने हे घडले, तिला लंडनमध्ये संसदेने मंजूर केलेला साधा कायदाही अडवता येत नव्हता. तसा नकार ब्रिटिश गादीवरून शेवटचा दिला गेला तो १७०८ मध्ये. मायदेशी संसदेने बांधलेली ही राजसत्ता ब्रह्मदेशात मात्र कोणालाच उत्तर द्यायला बांधील नव्हती. मंडालेच्या माणसांना ना आपल्या राजाला जाब विचारता आला, ना परक्या राणीला. रत्नागिरीतल्या तीस वर्षांत थिबाला स्वतःच्या पेन्शनसाठी, जडजवाहिरासाठी, मुलींच्या लग्नासाठी मुंबई सरकारच्या परवानगीकडे डोळे लावून बसावे लागले. १९१० मध्ये हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला.

याच्या अगदी उलट उदाहरण शोधायला घाट चढून साताऱ्याकडे गेले तरी पुरे. औंध हे लहानसे संस्थान. त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी महाराष्ट्राला सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकार म्हणून ठाऊक आहेत. त्यांचे सर्वांत मोठे काम त्याहून वेगळे आहे आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. १९३८ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन मसुदा घेऊन महात्मा गांधींकडे गेले आणि गांधींच्या सल्ल्याने १९३९ च्या जानेवारीत औंधला लिखित राज्यघटना मिळाली. गावची पंचायत तिचा पाया होता आणि विधानसभा वरच्या टोकाला होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत याच काळात उभी राहिली, जिथे कैद्यांना भिंतींविना शेती करून राहू दिले गेले. कोणी फौज घेऊन दारात आले नव्हते. आपल्या हयातीतच, शहाणपणाने, एका राजाने स्वतःवर बंधन घालून घेतले. शालेय पुस्तकांत या घटनेला मानाचे पान मिळायला हवे.

औंधमध्ये जे ७२ गावांपुरते घडले, ते पुढे एका देशात घडले. भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी लोकांची मागणी नसताना निवडणुका आणि घटना देऊ केली, २००६ मध्ये मुलासाठी गादी सोडली आणि २००८ मध्ये देशाने पहिल्यांदा संसद निवडली. त्या घटनेनुसार राजाला पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते, आणि ठरावीक बहुमताने व सार्वमताने त्याला पदच्युतही करता येते. नेपाळच्या ज्ञानेंद्रांनी मात्र १ फेब्रुवारी २००५ रोजी सरकार बरखास्त करून सगळी सूत्रे स्वतःकडे घेतली. त्याच २००८ सालच्या मे महिन्यात संविधान सभेने नेपाळची राजेशाहीच संपवली. कोकणातल्या आंब्याच्या बागा राखणाऱ्या आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून राबणाऱ्या कितीतरी नेपाळी माणसांच्या आयुष्यात हे स्थित्यंतर घडून गेले आहे.

जगात आजही चाळीसहून अधिक देशांच्या प्रमुखपदी राजा, राणी, सुलतान किंवा अमीर आहे. या सगळ्यांना एका रांगेत बसवणे चूक ठरेल. स्वीडनने १९७४ च्या घटनेने राजाला पंतप्रधान नेमण्याच्या उपचारातूनही मोकळे केले. ते काम तिथे संसदेचा सभापती करतो. जपानचा सम्राट १९४७ पासून राष्ट्राचे प्रतीक आहे, कारभारात त्याला अधिकार नाही. मलेशियात नऊ वंशपरंपरागत राज्यकर्ते पाच-पाच वर्षांसाठी आळीपाळीने राजपद सांभाळतात आणि १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर खासगी वर्तनासाठी त्यांच्यावर खटला चालू शकतो. अशा ठिकाणी राजवाड्यावर होणाऱ्या खर्चाबद्दल वाद घालता येतो, आणि तो मोकळेपणाने घालता येतो, हीच तिथल्या व्यवस्थेची ताकद आहे. थायलंडमध्ये तो मोकळेपणा नाही. तिथे राजाच्या अवमानाला कलम ११२ खाली एकेका गुन्ह्यासाठी पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकणारा ‘मूव्ह फॉरवर्ड’ पक्ष २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने विसर्जित केला, तो हे कलम बदलण्याचे आश्वासन दिल्याच्या कारणावरून.

रत्नागिरी जिल्ह्याला या विषयाची सर्वांत जवळची बाजू समुद्रापलीकडे आहे. खेड, दापोली, चिपळूण, राजापूर, खुद्द रत्नागिरी इथल्या असंख्य घरांतला कमावता माणूस आज आखातात आहे. त्याच्या पैशावर इथली घरे उभी राहिली, मुले शिकली. आखाती सहकार्य परिषदेतले सहाही देश राजेशाहीचे आहेत. म्हणजे कोकणातल्या कित्येक कुटुंबांचे भवितव्य अशा राज्यकर्त्यांच्या हाती आहे, ज्यांना तिथले नागरिकसुद्धा मतपेटीतून बदलू शकत नाहीत. परदेशी कामगाराचा प्रश्न तर त्याच्याही पुढचा.

तिथली दिशाही काळजी वाढवणारी आहे. कुवेतमध्ये १९६२ च्या घटनेने निवडून आलेली राष्ट्रीय सभा होती आणि मंत्र्यांना उभे करून प्रश्न विचारण्याची तिची ख्याती होती. मे २०२४ मध्ये अमिरांनी ती बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. कतारने २०२१ मध्ये शूरा परिषदेच्या ४५ पैकी ३० जागांसाठी पहिल्यांदा मतदान घेतले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सार्वमताने ती निवडणूकच रद्द केली. सौदी अरेबियाची १५० जणांची शूरा परिषद राजाच नेमतो. याच राजवटींनी रस्ते, रुग्णालये, बंदरे उभारली हे खरे आहे, आणि तिथे सन्मानाने कमावणारे कोकणी लोक ते आवर्जून सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवला किंवा पगार थकवला, तर तिथल्या गवंड्याने वा ड्रायव्हरने दाद मागायची कुठे, हे त्या वैभवावरून कळत नाही. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. त्यामागे तिथे होणाऱ्या फुटबॉल विश्वचषकामुळे जगाची वळलेली नजर होती.

म्हणून भारत सरकारने आखाती राज्यकर्त्यांशी बोलताना तेल आणि गुंतवणूक यांच्या बरोबरीने कामगारांच्या हक्कांचा लेखी करार मागितला पाहिजे. थकलेला पगार ठरावीक मुदतीत मिळणे, पासपोर्ट कामगाराच्याच ताब्यात राहणे आणि त्याच्या भाषेत तक्रार नोंदवता येणे या तीन गोष्टी त्यात हव्यात. जाण्यापूर्वी इथेच एजंटाची आणि कराराच्या कागदाची तपासणी करणारे, माहिती देणारे कायमचे केंद्र रत्नागिरीत उघडावे. ही मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी पक्ष बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात लावून धरावी.