गळतीचे वाचन

नेल गनमधून हवा फसफसू लागली की 'आता नवीनच घ्या' असा सल्ला मिळतो. आम्हांस तो मान्य नाही. कॉम्प्रेसरच्या दाबावर, बहुधा ७० ते १२० पीएसआयवर, खिळे ठोकणारे हे अवजार. त्यातील हवा रबरी ओ-रिंगा अडवून धरतात. त्या झिजल्या वा सुकल्या की गळती लागते. गळतीची जागाच दोष सांगते : चापापाशी हवा सुटली तर चापाची झडप, वरच्या टोपणाकडून सुटली तर बहुधा माथ्याची झडप. उरलेली शंका साबणाच्या पाण्याचे बुडबुडे फेडतात. आधी हवेची नळी काढावी, खिळे रिकामे करावेत, मगच स्क्रू सोडवावेत. नेमक्या मापाची रिंग घरीही बसवता येते.

खुणेवरून अर्थाकडे जाणे, यालाच आपण वर्गात वाचन म्हणतो. तेच सुताराने केले की ते केवळ 'हातचे काम' ठरते. सुताराला बलुत्यापुरते ओळखणाऱ्या समाजाचा हा जुना पंक्तिभेद आहे, आणि साहित्याच्या अध्यापकांनी तरी तो पाळू नये.