अंगठा दाखवला म्हणजे अनुमोदनाच झाली



गेल्या पंधरवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन धनुष्यं आली. एक माझ्या नातीचं. ती संभाजीनगरला कंपाउंड धनुष्य शिकते. फोटोत समोर कागदाचं लक्ष्य होतं. त्यावर उत्तरं आली, "जैनाच्या पोरीच्या हातात शस्त्र?", "पुढं सोयरीक जमायला जड जाईल." दुसरं माझ्या अमेरिकेतल्या भाच्याचं. हरणाच्या शिकारीआधी धनुष्य कसं जुळवतात, याचा व्हिडिओ. त्यावर अकरा अंगठे! एकीनं तर लिहिलं, "किती बारकाईनं करतो गं!"

मला आज या अकरा अंगठ्यांशी भांडायचं आहे.

तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला, न कळलेलं नातीला विचारलं. या धनुष्याच्या टोकांना चाकं असतात, त्यामुळं दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. सरावाच्या बाणाचं टोक साधं निमुळतं असतं. शिकारीच्या बाणाला पुढं धारदार पाती असतात. ती पाती हवेत पंखासारखी वागतात. धनुष्य जरासं बिघडलेलं असलं तरी साधा बाण खपून जातो, पण पात्याचा बाण भरकटतो. म्हणून चौकटीला कागद लावून जवळून बाण मारतात आणि कागद कसा फाटला ते बघतात. एकच गोल भोक पडलं तर बाण सरळ गेला. लांबट फाटला तर तिरका. मग बाण टेकायची जागा केसभर सरकवतात. दोन्ही प्रकारचे बाण एकाच ठिकाणी लागेपर्यंत हे चालतं.

मी फोन केला तेव्हा भाचा म्हणाला, "मामी, हा यत्नाचारच आहे. नेम चुकला तर जनावर तडफडतं. आणि दुकानातलं पाकिटातलं मांस खाण्यापेक्षा हे प्रामाणिक."

मी बी.कॉम. झालेली बाई. चाळीस वर्षं घरच्या दुकानाचं खातं लिहिलं. मूळ नोंदच खोटी असेल तर बेरीज कितीही सुबक जुळो, ताळेबंद खोटाच. यत्नाचार म्हणजे जे केल्यावाचून संसार चालत नाही ते जपून करणं. पाणी गाळणं, धान्य निवडणं, दिवा झाकणं. जे करायची गरजच नाही ते सफाईनं करणं याला यत्नाचार म्हणत नाहीत. दोन वाईट खर्चांत कोणता बरा, हे तो मला विचारतो. मी म्हणते, तिसरा मार्ग आहे, खर्चच करू नकोस.

आणि सफाईचं म्हणाल तर तेच शिकारी नवख्याला सांगतात, बाण लागल्यावर निदान अर्धा तास थांबा, मग रक्ताचा माग काढा. लगेच मागं गेलात तर जखमी हरीण आणखी लांब पळतं. जुळवलेल्या धनुष्याचा हा अर्धा तास व्हिडिओत नव्हता.

भाच्यानं शेवटचा बाण माझ्यावर सोडला. "तुमच्या कपाशीवर फवारणी होते, तिथं किती जीव मरतात?" खरं आहे. आम्हा दिंद्रुडच्या शेतकऱ्यांवर ते ऋण आहे. म्हणूनच शास्त्रानं संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी अशी हिंसेची चार खाती वेगळी ठेवली. उद्योगातली हिंसा कमी करत राहायची. ठरवून, हौसेनं केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडायचीच. जुनं कर्ज आहे म्हणून नवं काढायची मुभा मिळत नाही.

आता नातीकडं येऊ. आदिनाथ भगवंतांनी शिकवलेल्या सहा कर्मांत पहिलं 'असि' आहे, म्हणजे शस्त्रविद्या. विद्या वाईट नाही, ती कुणावर रोखली ते बघायचं. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी याच कंपाउंड धनुष्यावर जगज्जेती झाली. नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत पुरुषांत पहिला आला. ५० मीटरवर कागद, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं. तिथंही धनुष्य केसभर सरकवूनच जुळवतात. बारकाई तीच, पण पलीकडं जीव नाही.

आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत भाच्याकडं परवाना आहे. माझं भांडण परवान्याशी नाही. नेमिनाथ भगवंत वरातीतून परत फिरले तेव्हा कोंडलेल्या जनावरांना मारायला कोणत्या राज्याची मनाई होती? त्यांनी हंबरडा ऐकला आणि रथ वळवला.

बायांनो, आपण पाठशाळेत घोकलंय, कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, करवून घेतलं, की केलेल्याला बरं म्हटलं, बंध तिन्हींचा. पर्युषणात प्रतिक्रमण करताना आपण सूक्ष्म जीवांचीही क्षमा मागतो, आणि भाच्याचं कौतुक म्हणून बोटानं अंगठा दाबून मोकळ्या होतो. नातेवाईक दुखावेल म्हणून गप्प बसलात तर समजू शकते. कौतुक कशाला?

भाचा माझ्यावर रुसलाय. दिवाळीला फोन येईल की नाही सांगता येत नाही. नणंदबाईही दोन दिवस बोलल्या नाहीत. नातीला मी बाणांसाठी पैसे पाठवले आहेत. आणि त्या अकरांपैकी चौघींनी अंगठा काढला आहे. उरलेल्या सातजणींसाठी हे लिहिलं.