आधी पाय, मग चाक

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अलीकडे एखादी उंच, चौकोनी, जाडजूड टायरची गाडी आली आहे का? जिच्यात चढताना आजीला हात द्यावा लागतो आणि उतरताना मुलं सरळ उडी मारतात? आमच्या बिल्डिंगमध्ये अशा तीन आहेत. त्यातली एक आमच्या दादाची. या वेळी तिच्याबद्दलच लिहिते आहे, कारण गेल्या डिसेंबरमध्ये तिने आमची चांगलीच तंतरवली.

आम्ही वडोदऱ्याचे मराठी. आजोबा सरकारी खात्यात जीप चालवायचे. कालव्याच्या कामावर साहेबांना घेऊन कच्च्या रस्त्यांवरून फिरण्यात त्यांची तीस वर्षं गेली. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. २०१० मध्ये आलेली थार त्याच घराण्यातली. त्यामुळे दादाने थार घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आजोबांना झाला. ८४ व्या वर्षी ते पुढच्या सीटवर बसून म्हणाले, "पॉवर स्टिअरिंग आहे, एसी आहे. आता चालवणारा तेवढा शिकव म्हणजे झालं."

दादा हसला. त्याच्याकडे तेव्हा शिकायला वेळ नव्हता. त्याच्या फोनमध्ये यादी तयार होती.

दीड लाखाची यादी

यादीत काय नव्हतं! ३३ इंची मड टायर, गाडी दोन इंच उचलणारा लिफ्ट किट, पुढे लोखंडी बंपर, त्यावर लाल रंगाचे दोन हुक, टपावर कॅरिअर, दिव्यांची पट्टी. वहिनीने एकदाच विचारलं, "हप्ता चालू असताना?" दादा म्हणाला, "सेफ्टीसाठीच आहे गं." महिन्याभरात गाडी ओळखू येईनाशी झाली. रस्त्यात पोरं थांबून फोटो काढायची आणि दादा काच खाली करायचा.

डिसेंबरात आम्ही कच्छला निघालो. दादा, वहिनी, चार वर्षांची चिऊ, आई आणि मी. धोलावीरा बघितलं आणि रणातून जाणाऱ्या रस्त्याने खावड्याकडे निघालो. ज्यांनी हा रस्ता पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पांढरं मीठ आणि मधून काळा डांबरी पट्टा. ऊन कलायला लागलं होतं. दादा म्हणाला, "फक्त फोटोपुरती खाली उतरवतो."

पंचवीस-तीस पावलं गाडी गेली असेल. मग खालून कच्चकन आवाज आला आणि मागची चाकं खाली बसली.

रणाचं असं असतं की पावसाळ्यात तिथे पाणी भरतं आणि मग महिनोन् महिने ते हळूहळू आटतं. वर मिठाचा कडक पापुद्रा धरतो, पण खाली चिखल ओलाच राहतो. माणूस चालला तर पापुद्रा तोलतो, दोन टनांची गाडी नाही. दादाने फोर बाय फोर टाकलं आणि जोरात अॅक्सिलरेटर दिला. चारही चाकं फिरली आणि गाडी आणखी खाली गेली. मड टायरच्या मोठ्या खाचांनी चिखल इतक्या पटापट उपसला की पाच मिनिटांत गाडीचं पोट मिठाला टेकलं.

रस्त्यावरून जाणारी एक पिकअप थांबली. त्या भल्या माणसाने दोन दोर एकत्र बांधले, एक टोक आपल्या गाडीला आणि दुसरं दादाच्या लाल हुकाला. वहिनी चिऊला कडेवर घेऊन पिकअपच्या मागे उभी राहून व्हिडिओ काढत होती. आईने हाक मारली, "अगं, पोरीला पाणी तरी पाज." वहिनी बाजूला आली. दुसऱ्या झटक्याला हुक बोल्टांसकट उपटला, दोराबरोबर गोफणीसारखा सुटला आणि पिकअपच्या मागच्या फाळक्यावर आदळला. पत्र्याला मुठीएवढा खड्डा पडला, वहिनी उभी होती तिथेच.

कोणी काही बोललं नाही. दादा खाली बसला.

अंधार पडायच्या सुमाराला गावातून ट्रॅक्टर आला. त्यावरच्या काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पहेला हवा काढो." चारही टायरची हवा कमी केली, पोटाखालचा चिखल फावड्याने उपसला, चाकांपुढे बाभळीच्या फांद्या आणि गोणपाट घातलं. मग त्यांची साखळी बंपरला न लावता खाली वाकून थेट चासीला बांधली, आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं आणि ट्रॅक्टर झटका न देता हळूच ओढला. गाडी निघाली.

मग चुकलं काय?

घरी परतल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. मॅन्युअल वाचलं, दोन मेकॅनिकांशी बोलले, आजोबांना तासन् तास छळलं. जे कळलं ते सोप्या भाषेत सांगते.

टायरचा हिशोब. आमच्या गाडीचे मूळ टायर साधारण ३१ इंच व्यासाचे होते. दादाने ३३ इंची घातले. दोन इंच वाढले, पण अॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून जमिनीपासूनचं अंतर वाढलं फक्त एक इंच. त्या एका इंचासाठी काय मोजलं? स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८५ ने धावते. क्लच आणि ब्रेकवर जास्त भार येतो, मायलेज घटतं. शिवाय स्टेपनी जुन्याच मापाची राहिली. चाकांचा व्यास वेगवेगळा असेल तर फोर बाय फोरच्या यंत्रणेवर ताण येतो, म्हणजे पंक्चर झालं की पंचाईत. बहुतेक कुटुंबांना, ज्यांचं निम्म्याहून जास्त फिरणं डांबरी रस्त्यावर होतं, त्यांना मूळ मापाचे ऑल टेरेन टायर पुरतात.

हवा फुकट आहे. मऊ जमिनीवर सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे हवा कमी करणं. रस्त्यावर ३० ते ३५ च्या घरात असलेली हवा वाळूत १८ पर्यंत आणली की टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. १५ च्या खाली नवशिक्याने जाऊ नये, टायर रिममधून निसटू शकतो. आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरायचीच, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणून छोटा कंप्रेसर आणि हवा मोजायचा गेज हवा. दादाच्या दीड लाखाच्या यादीत या दोन वस्तू नव्हत्या.

फोर बाय फोर कधी लावायचं? थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांत ते गरजेपुरतं लावायचं असतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर घसरत नाहीत आणि सगळा ताण गिअरवर येतो. म्हणून चांगल्या कोरड्या रस्त्यावर टू व्हील ड्राइव्हच. लो रेंज म्हणजे जोर जास्त, वेग कमी. तीव्र चढ-उतार, दगड, खोल चिखल यासाठी. आणि हे सगळं रुतण्याआधी लावायचं. आम्ही नेमकं उलटं केलं.

ओढायची जागा. टोचन करताना सगळ्यात मोठा धोका इथे असतो. शोभेचा हुक, बंपर किंवा ट्रेलर लावायचा गोळा यांना दोर बांधू नका. दोर चासीला जोडलेल्या, कंपनीने दिलेल्या जागीच लावायचा. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं. दोराच्या मधोमध जाड घोंगडी किंवा ओली गोणी टाकली तर तो तुटला तरी फार उसळत नाही. आणि दोर जितका लांब, त्याच्या दीडपट तरी लांब सगळ्यांनी उभं राहायचं, मुलांनी तर त्याहून लांब. त्या वेळी व्हिडिओ काढायला जवळ जायचं नाही.

लिफ्ट आणि स्नॉर्केल. गाडी उचलली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर ती जास्त कलंडते. हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. स्नॉर्केलबद्दलही मोठा गैरसमज आहे. तो फक्त इंजिनाची हवा उंचावरून घेतो. गाडीच्या तारा, सेन्सर, गिअरचे श्वासनळे तिथेच राहतात. कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटरपर्यंत पाणी चालेल असं सांगते. ते साचलेल्या, संथ पाण्यासाठी धरा. वाहतं पाणी गुडघाभर असलं तरी गाडी ढकलू शकतं. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिनच उघडावं लागतं.

आणि कायदा? हे ऐकून दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. बुल बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं; अशा गार्डमुळे धडकेत पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा काहीही बसवण्याआधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. "सगळेच लावतात" हे उत्तर अपघातानंतर कुणी ऐकून घेत नाही.

नवी यादी

दादाने लिफ्ट काढला, बंपर भंगारात दिला आणि मूळ मापाचे टायर परत बसवले. टायर विकताना निम्मेही पैसे आले नाहीत. पिकअपवाल्या दादांचा फाळका नीट करून दिला. आता डिकीत या वस्तू असतात:

• हवेचा गेज आणि कंप्रेसर
• लहान फावडं आणि जाड हातमोजे
• चाकाखाली घालायच्या दोन पाट्या
• योग्य क्षमतेचा दोर आणि दोन शॅकल
• जॅकखाली ठेवायला लाकडी फळी
• प्रथमोपचार पेटी, टॉर्च, दहा लिटर पाणी
• आई आणि आजोबांसाठी चढायला घडीचं स्टूल

हे सगळं मिळून आधीच्या यादीच्या पाव खर्चात झालं. शिवाय त्याने दोन दिवसांचं ऑफ-रोड प्रशिक्षण घेतलं आणि वहिनीलाही घ्यायला लावलं. तिथे पहिलाच नियम सांगितला, अनोळखी वाटेवर एकटी गाडी नेऊ नका, निदान दोन तरी हव्यात.

आणखी एक गोष्ट. रणात आमच्या चाकांनी पाडलेले ते दोन काळे चर मला अजून दिसतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते तसेच राहिले असणार. कच्छच्या रणाचा मोठा भाग अभयारण्यात येतो, घुडखर आणि रोहित पक्ष्यांचं ते घर आहे. गाडी जाऊ शकते म्हणून आपण तिथे जायला हवंच असं नाही. मळलेली वाट सोडू नये आणि जिथे परवाना लागतो तिथे तो घ्यावा.

परतल्यावर हुकाची गोष्ट आजोबांपासून लपवायचं ठरलं होतं. चिऊने पहिल्याच दिवशी सांगून टाकली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या जीपला काहीच नव्हतं रे. म्हणून चिखल दिसला की आम्ही उतरायचो. काठी खुपसून बघायचो, चालून बघायचो. आधी पाय, मग चाक. साहेब चिडायचे उशीर होतो म्हणून. पण तीस वर्षांत साहेबांना पायी घरी जावं लागलं नाही."

गेल्या रविवारी आम्ही आजोबांना घेऊन गावाबाहेरच्या शेतरस्त्याने निघालो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. एका वळणावर पाणी साचलेलं दिसलं. दादाने गाडी थांबवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी घेऊन उतरला. मागोमाग गमबूट घालून चिऊही उतरली. दोघं पलीकडच्या काठापर्यंत चालत जाऊन परत आली.

"किती आहे पाणी?" आजोबांनी काच खाली करून विचारलं.

"माझ्या गुडघ्याएवढं," चिऊ म्हणाली, "आणि खाली दगड आहेत, टणक."

"मग चल," आजोबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा सीट बेल्ट लावला.