खडकालाही विचारायला हवे

लहानपणी आमच्या घरी वीज गेली की कंदील लावला जात असे. एका रात्री मी कंदिलाची तापलेली काच ओल्या फडक्याने पुसली. 'तट्' असा आवाज झाला आणि काचेला तडा गेला. अम्मी रागावली. ती म्हणाली, "काच कच्ची नव्हती, तुझी घाई वाईट!"

विद्यार्थी मित्रांनो, जी गोष्ट काचेची, तीच खडकाचीही आहे. 'दगडासारखा मजबूत' असे आपण सहज म्हणतो. उर्दूत आपण मजबूत माणसाला 'चट्टान' म्हणतो. पण चट्टानही तडकते. सुरुंगाची दारू नव्हती त्या काळी खाणीतले लोक खडकाला लागून आग पेटवीत आणि मग त्यावर थंड पाणी ओतीत. मोठमोठे खडक त्यामुळे फुटत.

असे का होते? ग्रॅनाइटसारखा खडक वेगवेगळ्या खनिजांच्या कणांचा बनलेला असतो. तापल्यावर प्रत्येक खनिज सारखे फुगत नाही. कोणी जास्त फुगते, कोणी कमी. त्यामुळे कणांच्या सांध्यांत बारीक तडे जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण हळूहळू ते एकमेकांना मिळतात आणि एक दिवस खडक फुटतो.

जमिनीच्या पोटात उष्णतेबरोबर वरचा भारही असतो. १ किलोमीटर खोलीवर दर चौरस मीटरवर सुमारे २,७०० टन भार पडतो. चारी बाजूंनी जखडलेला खडक तापला तरी त्याला फुगायला जागा मिळत नाही. मग आतला ताण आणखी वाढतो. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी ३ किलोमीटरहून खोल होत्या. तिथला खडक ६० अंशांहून अधिक गरम असे. तिथे कधी कधी खडक बॉम्बसारखा फुटे आणि खाली काम करणारे मजूर त्यात सापडत. २००१ साली त्या खाणी बंद झाल्या.

अशा खोल जागी कोणत्या खडकाला कधी तडा जाईल, हे आधी कसे ओळखावे? त्यासाठी शास्त्रज्ञ संगणकावर खडकाचा नमुना तयार करतात. 'नमुना' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. या नमुन्यात खडकाचे हजारो लहान भाग पाडतात. प्रत्येक भागाचे तापमान, ताण आणि झालेली इजा आकड्यांत मांडतात. लग्नात बिर्याणीची देग चौघे जण उचलतात. एकाचा हात सुटला तर त्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो. खडकाचेही तसेच आहे. एक भाग निकामी झाला की त्याचा भार शेजारच्या भागांवर जातो. संगणक हा हिशेब पुन्हा पुन्हा करतो.

काही लोक म्हणतात, "हा नुसता आकड्यांचा खेळ आहे." दुसरे काही म्हणतात, "संगणकाने सांगितले म्हणजे ते खरेच." माझ्या मते दोघेही चुकतात.

स्वीडनमधील एस्पो येथे ४५० मीटर खोलीवर एक प्रयोग झाला. दोन मोठे खड्डे शेजारी शेजारी खणले. त्यांच्यामध्ये फक्त १ मीटर जाडीची खडकाची भिंत ठेवली. खडक कसा वागेल याचे अंदाज नमुन्यांवरून आधीच लिहून ठेवले. मग ती भिंत विजेने तापवली आणि आत फुटणाऱ्या बारीक तड्यांचे आवाज यंत्रांनी टिपले. प्रयोगशाळेत खडकाचा लहान तुकडा जेवढा ताण सोसतो, त्याच्या साधारण सहा दशांश ताणातच त्या भिंतीचे पापुद्रे सुटू लागले. केवळ प्रयोगशाळेतल्या आकड्यावर कोणी विसंबला असता, तर खडक आहे त्यापेक्षा कितीतरी मजबूत समजला गेला असता. मात्र आधी लिहिलेला अंदाज नसता, तर मोजणी कशाशी ताडून पाहणार?

हा प्रश्न फार मोलाचा आहे. फिनलंडमध्ये अणुभट्टीतील वापरलेले इंधन ४०० मीटरहून खोल पुरण्यासाठी बोगदे खणले आहेत. ते इंधन दीर्घकाळ उष्णता देत राहते. तिथे चूक झाली तर तिचे फळ आपली मुले-नातवंडेच नव्हे, तर हजारो वर्षांनंतरची माणसेही भोगतील.

आपल्या महाराष्ट्रातही याची जाण आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा मोठा भूकंप झाला. पुढे २०१७ साली कोयना भागात ३ किलोमीटर खोल विवर खणून झाले. वरचा काळा पाषाण ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटमध्ये उतरले. तिथले तापमान आणि ताण शास्त्रज्ञांनी मोजले. घरी बसून अंदाज बांधण्यापेक्षा हा मार्ग महाग आहे. पण मला तोच बरोबर वाटतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: खोल खणण्याआधी नमुना जरूर करावा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. खडक तडकण्यापूर्वी बारीक आवाज करतो. तो ऐकायला यंत्र हवे, समजायला गणित हवे आणि ऐकल्यावर काम थांबवण्याची हिंमत हवी. यांतले शेवटचे सर्वांत कठीण आहे. कारण काम थांबले की पैसा बुडतो. आणि थांबले नाही, तर माणूस बुडतो. बुडालेला पैसा पुन्हा कमावता येतो.