मंडळी आधी, वास्तू नंतर

'चर्च' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोऱ्याची, घंटा असलेली इमारत उभी राहते. मराठी बायबलने मात्र या कल्पनेसाठी योजलेला शब्द 'मंडळी' हा आहे, आणि तो अतिशय यथार्थ आहे. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दाचा अर्थच मुळी सभा, एकत्र आलेला समुदाय, असा होतो. चर्च म्हणजे जागा नव्हे, माणसे होत.

इतिहासही याला साक्ष आहे. आरंभीची सुमारे तीन शतके ख्रिस्ती लोक बहुधा घरांतूनच उपासनेसाठी जमत. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू बनविणाऱ्या दांपत्याच्या घरी भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख पौलाच्या पत्रांत आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातील उपासनास्थानही मूळचे राहते घरच होते. भव्य वास्तूंचे युग अवतरले ते इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात धर्मस्वातंत्र्य मिळाल्यानंतर.

या आरंभीच्या मंडळीतही तंटे होतेच. परंतु ते कशावरून होते? ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपात उपेक्षा होते, अशी तक्रार यरुशलेमेत उठली आणि तिच्या निवारणार्थ सात जणांची नेमणूक झाली, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते. आज मंडळ्यांतील तंटे न्यायालयापर्यंत जातात ते बहुधा जमीनजुमला आणि विश्वस्तपदे यांवरून. विधवेच्या ताटावरून कोणी भांडल्याचे क्वचितच ऐकू येते. बाप्तिस्म्यानंतरही सोयरीक जुळविताना जात पाहणारी घरे आहेतच. मूळ अर्थापासून आपण किती दूर आलो, याचे याहून बोलके गमक कोणते?

महाराष्ट्रात हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी निकराने विचारला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दाखल झाले. दोन तपांच्या सुमारास, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा आश्रय सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची आकांक्षा होती. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलेल्या या कवीला दिंडीचे मर्म ठाऊक होते. पंढरीचे देऊळ एका जागी असते, पण संप्रदाय जगतो तो वाटेवर चालणाऱ्यांत.

यावर आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मिशनने उभारलेल्या संस्था मात्र टिकल्या. चार भिंती, ठरलेली वेळ आणि ठरलेली प्रार्थना यांच्यावाचून उत्कटता विरून जाते, हे खरेच. शिवाय कित्येक गावांतील उपासनामंदिरे गोरगरिबांनी पै-पै जमवून बांधली आहेत. त्यांना तुच्छ लेखणे हा उद्धटपणा होईल. मात्र टिळकांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. जे माणसांच्या कंठात रुजले ते संस्थेवाचूनही तगले, हेही विसरता कामा नये.

२०२० च्या ईस्टरला टाळेबंदीमुळे चर्चचे दरवाजे बंद होते. त्या दिवशी मंडळी उरली होती काय? एकट्या वृद्धाच्या घरी ज्यांनी डबा पोचविला, आजाऱ्याची विचारपूस केली, त्यांच्यापुरती ती निश्चित उरली होती. इतरांच्या बाबतीत केवळ कुलूप उरले होते.

म्हणून वास्तू पाडा असे कोणी म्हणणार नाही. मागणी एवढीच, की मंडळीच्या वार्षिक सभेत छपराच्या दुरुस्तीचा हिशेब वाचला जाईल तेव्हा त्याच्या आधी आणखी एक यादी वाचली जावी: आपल्यातील कोण उपाशी आहे, कोण एकाकी आहे आणि कोणाला आपण अद्याप पंक्तीत घेतलेले नाही. ती यादी वाचण्याचे धैर्य जेथे आहे, तेथे झाडाखालीही चर्च आहे.